दुसऱ्यांदा जाणार का?

माझी छापून आलेली पहिली बातमी चार ओळींची होती. नाव नव्हतं, फोटो नव्हता, तरी आईने ती कापून फ्रिजवर लावली होती. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरून अर्धा टन कचरा उचलला, अशी ती बातमी. मी तेव्हा सेकंड इयरला होते. ‘तू मास कॉमची ना, मग तूच लिही’ म्हणून एनएसएसची प्रेस नोट माझ्याकडे आली होती आणि मी ती लोकलमध्ये बसून मोबाइलवर टाइप केली होती. आज त्या बातमीबद्दल लिहायचं आहे. कारण ती पूर्ण खरी नव्हती.

झालं असं. सप्टेंबरमधला शनिवार. आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. सकाळी सातची वेळ दिलेली, पाहुणे आले साडेदहाला. तोपर्यंत आम्ही टी-शर्ट वाटले, बॅनर बांधला, रीलची प्रॅक्टिस केली. मग भाषण, मग शपथ. प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा दोनदा सांगून गेले, “पोरांनो, भरती आहे. पिशव्या वर न्या.” आम्ही ‘हो आजोबा’ म्हणालो आणि ग्रुप फोटोला उभे राहिलो. पाऊण तासात जेवढं जमलं तेवढं भरलं. पिशव्या भिंतीला लावून ठेवल्या, गाडी येऊन घेऊन जाईल म्हणे. वजन कुणी केलंच नाही. ‘साठ पिशव्या, एका पिशवीत आठ-नऊ किलो धरा, झाला अर्धा टन,’ असा हिशोब झाला. त्यात निम्मी ओली वाळू होती हे भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथे परत गेले, पण निसर्गप्रेमाने नाही. आईची स्टीलची बाटली विसरले होते. बाटली मिळाली नाही. पिशव्या मिळाल्या. गाडी आलीच नव्हती. काही कुत्र्यांनी फाडल्या होत्या, काही रात्रीच्या भरतीने खाली ओढल्या होत्या. त्या कचऱ्यात आता आमचे प्लॅस्टिकचे ग्लोव्ह्जही होते, अल्पोपाहाराच्या प्लेट्सही होत्या आणि बॅनरची नायलॉनची दोरीही. म्हणजे आम्ही किनाऱ्यावर कालच्यापेक्षा थोडा जास्तच कचरा ठेवून आलो होतो. आणि घरी फ्रिजवर माझी बातमी होती.

मी कुणाला काही बोलले नाही. सर्टिफिकेट घेतलं, फाइलला लावलं.

हे सगळं सांगतेय ते अशा उपक्रमांची टिंगल करायला नाही. टिंगल सोपी आहे आणि ती करून किनारा स्वच्छ होत नाही. त्या दिवशी आमच्यातली निम्मी मुलं आयुष्यात पहिल्यांदा फिरायला किंवा पाणीपुरी खायला म्हणून नाही, तर दुसऱ्या कशासाठी तरी समुद्रावर आली होती. हे छोटं नाही. प्रश्न इतकाच आहे की त्या एकशे वीस जणांपैकी दुसऱ्यांदा किती जण गेले? मी गेले ते बाटलीसाठी. आणि किनाऱ्याबद्दल जे काही शिकले, ते सगळं त्या दुसऱ्या दिवसापासून पुढे.

आपल्या कॉलेजच्या वर्षात अशा दिवसांची कमी नाही. ५ जूनला पर्यावरण दिन. २६ जुलैला जागतिक कांदळवन दिन. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा स्वच्छता. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छता. फेब्रुवारीत कॅम्पस बर्ड काउंट. त्याच सुमाराला कोकणात कासव महोत्सव, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला ऐरोलीची बोट. डहाणूपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर आणि पुढे गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला काही ना काही चालू असतं. आपण मात्र प्रत्येक ठिकाणी एकदा जातो. एक स्टोरी, एक सर्टिफिकेट, एक टिक. मग पुढचं ठिकाण.

मला वाटतं, इथेच आपलं चुकतंय. दहा किनाऱ्यांवर एकेकदा जाण्यापेक्षा एकाच किनाऱ्यावर दहा वेळा जाणं जास्त कामाचं आहे. का, ते सांगते.

पहिलं कारण म्हणजे समुद्र आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. हे मला त्याच आजोबांनी शिकवलं. तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा ते म्हणाले, “काय गं पोरी, परत आलीस?” पहिल्यांदा गेलो की आपण पाहुणे असतो. परत गेलो की माणसं बोलायला लागतात. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी भरती येणार हे घड्याळ न बघता कसं कळलं? त्यांनी बोटांवर गणित करून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. जागेनुसार वेळ थोडी पुढेमागे होते, पण अंदाज पक्का. आमचा कार्यक्रम अमावस्येनंतर लगेच होता, म्हणजे दुपारी बारा-एकच्या सुमाराला उधाणाची भरती. हे आयोजनात कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पाहुण्यांची वेळ मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती.

याच्या अगदी उलटा अनुभव पुढच्या वर्षी आला. एका असाइनमेंटसाठी मी मुंबईतल्या एका खडकाळ किनाऱ्यावर ‘शोअर वॉक’ला गेले. २०१७ मध्ये ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला आणि शहरात अशा फेऱ्या लोकांना माहीत झाल्या. आमच्या वॉकची वेळ आली होती पाच वाजून दहा मिनिटं. पाच नाही, सव्वापाच नाही. कारण ती कुणी माणसाने ठरवलीच नव्हती, ओहोटीने ठरवली होती. बॅनर नाही, माइक नाही. पहिली सूचना पायांबद्दल: कुठे ठेवायचे आणि कुठे नाही. दुसरी हातांबद्दल: दगड उलटा केलात तर होता तसाच परत ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर आहे. तिसरी खिशांबद्दल: शंख न्यायचा नाही, आत खेकडा राहत असू शकतो.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. काळे खडक, हिरवट डबकी, प्लॅस्टिक. मग एकदा डोळ्यांना सवय झाली आणि दिसतच राहिलं. पाण्यात उमललेली आणि बोटाची सावली पडताच मिटणारी समुद्रफुलं. खडकावर अंथरलेली हिरव्या-तपकिरी बटणांची सतरंजी, जी प्रत्यक्षात शेकडो जिवंत प्राण्यांची वसाहत असते. नखाएवढी समुद्री गोगलगाय. कपारीतून आपल्याकडे बघणारा ऑक्टोपस. हे सगळं सिग्नलपासून पाच मिनिटांवर! मी तीन वर्षं त्याच रस्त्याने बसने जात होते.

दुसरं कारण नोंदीचं. त्या वॉकला आलेले लोक फोटो काढत होते, पण सेल्फी नव्हते. जीवाचा फोटो, जागा, तारीख, आणि मग ‘आयनॅचरलिस्ट’ या अ‍ॅपवर अपलोड. जगातला कुणी जाणकार तो ओळखतो आणि तुमचा फोटो एक नोंद होतो. मला आधी हे थोडं ‘नर्ड’ वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अशा कोरड्या नोंदी काय करू शकतात त्याचं एक उदाहरण ऐका. मार्च २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादी कासवाला क्रमांकाचा धातूचा टॅग लावला. जानेवारी २०२५ मध्ये तेच कासव आपल्या गुहागरला अंडी घालायला आलं. बंगालचा उपसागर सोडून, देशाला वळसा घालून, अरबी समुद्रात. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं सरसकट मानता येत नाही हे त्या एका क्रमांकाने दाखवलं. ओडिशात तो लिहिणारा आणि गुहागरात तो रात्रीच्या अंधारात वाचणारा, दोघेही आपलं रोजचं काम करत होते. कुणीतरी ‘आज काही विशेष नाही’ म्हणून सोडून दिलं असतं तर आपल्याला काही कळलंच नसतं.

नोंदीचा उपयोग आपल्या शहरातही दिसला आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीजवळचे प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले. हलवणं बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण वाद व्हायला आधी ‘इथे जिवंत प्रवाळ आहेत’ हे कागदावर असावं लागतं. जे नोंदलेलं नाही ते कायद्याच्या लेखी नसतंच. भराव टाकायला तर फारच सोयीचं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ‘इव्हेंट’च्या मागे वर्षभराचं न दिसणारं काम असतं, आणि एकदाच गेलं तर ते दिसत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीसांचं गाव म्हणून भेटतं आणि इन्स्टावर कासवांचं गाव म्हणून. २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे काम सुरू केलं तेव्हा कासवांची अंडी सर्रास काढून नेली जात. गावातलीच माणसं त्या कामात उतरली. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पर्यटक राहायला लागले आणि जिवंत कासवातून गावात चार पैसे यायला लागले.

आम्ही मित्रमैत्रिणी गेलो तेव्हा संध्याकाळी दोरीच्या मागे रांगेत उभे होतो. कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. खाली काहीच नाही. दुसरी उचलली. नाही. आमच्यातला एक जण वैतागला, “एवढ्या लांब आलो आणि शून्य?” तर कासवमित्र शांतपणे म्हणाले, “पिल्लं काय तुमच्या बसच्या वेळेवर निघणार?” अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. त्या सगळ्या दिवसांत कुणीतरी पहाटे उठून किनारा चाललेलं असतं, मादीच्या पावलांची खूण शोधलेली असते, शंभरेक अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणात आणलेली असतात. आपण बघतो ती शेवटची दहा मिनिटं. दुसऱ्या सकाळी आम्हाला सहा पिल्लं दिसली. खरं सांगू? रिकाम्या टोपलीनंतर दिसली म्हणून ती जास्त लक्षात राहिली.

वर्सोव्याचंही तेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये अ‍ॅड. अफरोझ शाह यांनी एका ज्येष्ठ शेजाऱ्यांना सोबत घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी किनारा स्वच्छ झाला नाही. पन्नासाव्या रविवारीही समुद्र नवीन कचरा आणून टाकतच होता. ते जात राहिले, लोक येत राहिले. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्या गोष्टीचं कौतुक करताना आपण पिल्लांचा फोटो शेअर करतो. खरं तर शेअर करायला हवा तो मधल्या अडीच वर्षांतला एखादा कंटाळवाणा रविवार.

आता कुणी म्हणेल, ताई, हे छान आहे, पण आमचे प्रॅक्टिकल्स, इंटर्नशिप, दोन तास लोकल, वर घरून परवानगी. मान्य. मीही याच सगळ्यातून आले आहे. म्हणूनच मी वेगळं काही वाढवा म्हणत नाही, जे आहे ते वळवा म्हणतेय. एनएसएसच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास द्यावे लागतात. त्यातले फक्त २४ तास एका किनाऱ्याला द्या. महिन्यातून एक तास, दोन वर्षं, तोच किनारा. एनएसएसमध्ये दत्तक गावाची पद्धत आहेच. किनारपट्टीवरच्या कॉलेजांनी ‘दत्तक किनारा’ का घेऊ नये? ज्यांच्या जवळ किनारा नाही त्यांनी खाडी घ्यावी, कांदळवनाचा एक तुकडा घ्यावा. एका बॅचने वही सुरू करायची, पुढच्या बॅचला द्यायची. दर वेळी चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि तिथी, कचऱ्यात काय जास्त होतं, कोणते जीव दिसले, आणि तिथल्या माणसाने काय सांगितलं. नॅकच्या फाइलला फोटो लागतात ही कॉलेजांची अडचण खरी आहे. पण तीन वर्षांची भरलेली वही कुठल्याही ग्रुप फोटोपेक्षा भक्कम पुरावा आहे, हे आपणच प्राध्यापकांना पटवून द्यायला हवं.

आणि स्वच्छता मोहीम ठेवायची असेल तर क्रम बदला. आधी महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी कधी येणार ते लेखी ठरवा. मग ओहोटी बघा. मग पाहुण्यांना विचारा. गाडी नसेल तर त्या दिवशी मोहीम नाही, फक्त नोंदी. पिशवीत भरलेला पण कुणी न उचललेला कचरा हा कचराच असतो, फक्त आता तो पिशवीसकट समुद्रात जातो.

थोडा संकोच बाळगून आणखी एक. आपण गर्दीने जातो तेव्हा त्रासही देतो. तिवरांच्या चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पायाखाली मोडतात. कासवाच्या पिल्लांवर फ्लॅश मारला की ती गोंधळतात. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या चौकटी आपल्याला रीलची बॅकग्राउंड वाटते, पण ते कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. किनारा रिकामा नसतो. आपण येण्याआधी तिथे माणसं होती, आणि बहुतेक वेळा आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पावसाळ्यात आणि उधाणाच्या भरतीत खडकांवर जाऊ नका, एकट्याने जाऊ नका. त्यात शौर्य काही नाही.

माझा स्वतःचा रेकॉर्डही सांगते, म्हणजे उपदेश केल्यासारखं वाटायला नको. गेल्या दोन वर्षांत मी त्या किनाऱ्यावर चौदा वेळा गेले. चोवीस वेळा जायला हवं होतं. परीक्षा, आळस, एकदा मॅच. पण चौदा पानं भरली आहेत. त्यातून मला कळलं की पावसाळ्यात उधाण आलं की चपला, थर्माकोल आणि टूथब्रश थेट भिंतीपर्यंत येतात. हिवाळ्यात तोच किनारा इतका साफ दिसतो की कचरा संपला असं वाटावं. तो संपलेला नसतो, समुद्रात असतो. आजोबा आता हातात वही बघितली की आधी तिथी विचारतात. परवा मी चुकीची सांगितली, तर म्हणाले, “लिहून काय उपयोग मग?”

वृत्तपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापायची असते, हे मला या इंटर्नशिपमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवलं. तर ही माझी दुरुस्ती. त्या शनिवारी अर्धा टन कचरा उचलला गेला नव्हता. तो एका जागेवरून गोळा करून दुसऱ्या जागी ठेवला गेला होता, आणि त्याचं वजन कुणी केलं नव्हतं. बातमी लिहिणारीने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं होतं आणि गप्प बसली होती.

कात्रण अजून फ्रिजवर आहे. आई काढू देत नाही. आज त्याच्या शेजारी हे लावणार आहे.

तुमच्या घरच्या भिंतीवर कॅलेंडर असेल. पुढची अमावस्या कधी आहे ते बघा. त्या संध्याकाळी ओहोटी असेल. जिथे एकदा जाऊन आलात, तिथेच जा.